घाटावरून समुद्राचा अभ्यास: देवमासे निवडावेत की समुद्रपक्षी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी.चे शेवटचे सत्र पूर्ण करत आहेत आणि पुढची दोन वर्षे देवमासे किंवा समुद्रपक्षी यांच्या आधारे बदलत्या समुद्राचा अभ्यास करण्याचा त्यांचा विचार आहे. घरचे म्हणतात, कोल्हापुरात कुठला आला समुद्र. मार्गदर्शक म्हणतात, समुद्र समजून घ्यायचा तर पाण्याचे तापमान आणि प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, मोजावेत, एवढ्या मोठ्या जनावरांच्या मागे धावण्यात वर्षे जातात. स्वतःची बोट नाही, पैसे जेमतेम आहेत. अशा स्थितीत देवमासे घ्यावेत की पक्षी, आणि घाटावर राहून हे काम होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी कोल्हापुरातच एका महाविद्यालयात शिकवतो आणि गेली बावीस वर्षे मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यात समुद्रपक्ष्यांची मोजणी करतो. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या नोंदीही त्याच ओघात होत गेल्या. त्यामुळे घाटावर राहून हे काम होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. राधानगरीवरून फोंडा घाट उतरणारी सकाळची एस.टी. धरली तर दुपारच्या आत किनारा गाठता येतो, आणि मुंबईहून सिंधुदुर्गात येणाऱ्या संशोधकाला याहून जास्त प्रवास घडतो. घरच्यांच्या शंकेचे उत्तर इतकेच. मार्गदर्शकांची शंका मात्र वजनाची आहे आणि तिचे उत्तर दिल्याशिवाय विषय निवडता येणार नाही.

माझ्या मते "देवमासे की पक्षी" हा खरा प्रश्न नाही. समुद्राच्या अभ्यासात प्राणी वापरायचा म्हणजे त्याला एक उपकरण मानायचे, आणि कोणतेही उपकरण हाती घेण्यापूर्वी ते काय मोजते, किती काळाची सरासरी काढते आणि कुठे फसवते हे माहीत असावे लागते. तापमापी काखेत धरली की तोंडात, यावर जसा आकडा बदलतो, तसेच इथेही आहे. तुम्हाला समुद्राविषयी नेमके काय विचारायचे आहे आणि ते सांगायला पाण्याच्या बाटलीपेक्षा हा प्राणी अधिक योग्य का आहे, हे दोन वाक्यांत लिहिता आले तर निवड आपोआप होते. ते लिहिता येत नसेल तर मार्गदर्शकांचे ऐकावे आणि प्लवक मोजावेत. त्यात कमीपणा नाही.

आता मार्गदर्शकांची बाजू. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य उपग्रहावरून मोजले जाते, आणि त्याच आधारावर हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पती-प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे दाखवले गेले. वरचे पाणी तापले की ते हलके होऊन झाकणासारखे पसरते आणि खालचे थंड, पोषक पाणी वर येऊ देत नाही, हे त्याचे कारण. हे सगळे देवमाशाकडे न पाहता कळले, हे मान्य केले पाहिजे.

पण आपल्या समुद्राची एक अडचण आहे. अरबी समुद्रात सर्वांत मोठी उलथापालथ पावसाळ्यात होते. सोमालिया, ओमान आणि आपला दक्षिणेकडचा किनारा या सगळीकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खालचे पोषक पाणी वर येते आणि वर्षभराच्या अन्नसाखळीची पेरणी होते. नेमक्या याच चार महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर ढगांचे छत असते, आणि हरितद्रव्य मोजणाऱ्या उपग्रहाला ढगाआडचे दिसत नाही. महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी असते, होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, त्यामुळे मासळीच्या आवकेचे आकडेही थांबतात. म्हणजे समुद्रात सर्वाधिक घडत असते तेव्हा आपले दोन्ही डोळे मिटलेले असतात. त्या काळात समुद्र आपल्याकडे काही पाठवत असेल तर ते वाऱ्याने किनाऱ्यावर येऊन पडलेले पक्षीच. प्राण्यांचा अभ्यास का करावा, याचे माझ्यापुरते हे सर्वांत सरळ कारण आहे.

दुसरे कारण अन्नसाखळीचे. हरितद्रव्याचा आकडा हिरवे किती आहे ते सांगतो, त्यातले किती खाण्यालायक आहे ते सांगत नाही. अरबी समुद्राच्या उत्तर भागात गेल्या काही दशकांत हिवाळ्यात नॉक्टिलुका या एकपेशीय जीवाचे हिरवे तवंग मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आहेत. उपग्रहाला ते समृद्ध पाणी दिसते, पण नॉक्टिलुका छोट्या माशांच्या फारशी उपयोगाची नसते. ती प्रामुख्याने जेलीसारख्या जिवांच्या पोटात जाते. हिरवळीचे रूपांतर माशात झाले की नाही, हे माशावर जगणाऱ्यालाच विचारावे लागते.

समुद्रपक्षी हे कसे सांगतात, ते पाहू. विणीच्या काळात पक्षी घरट्याला बांधलेला असतो. पिलाला ठरावीक वेळेत भरवायचे असते, त्यामुळे तो ठरावीक अंतराच्या आतच अन्न शोधू शकतो आणि तेही बहुतेकदा पृष्ठभागापासून थोड्या खोलीपर्यंतच. म्हणजे विणीचा पक्षी एका लहान भागाची, काही दिवसांची, वरच्या थराची खबर देतो. आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर सुरय पक्ष्यांची वीण होते आणि तिथल्या गुहेत पाकोळ्यांच्या कुळातल्या स्विफ्टलेट पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. स्विफ्टलेट कीटक खातात, तेव्हा बेटावर राहतात म्हणून त्यांना समुद्रपक्षी समजू नये. ही चूक विद्यार्थी दरवर्षी करतात. त्या बेटांना पक्षिअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी १८७०च्या दशकात भेट दिली होती, आणि दीडशे वर्षांपूर्वीचे वर्णन हाती असलेली अशी जागा आपल्या किनाऱ्यावर क्वचितच मिळेल.

सूटी टर्न या सुरयाचे उदाहरण मला विशेष आवडते. वरून काळा, खालून पांढरा असा हा पक्षी वीण सोडली तर वर्षानुवर्षे खुल्या समुद्रावर हवेतच राहतो, कारण त्याची पिसे बदकासारखी पाणी झटकत नाहीत. त्याला बुडी मारता येत नाही. खालून ट्यूना, म्हणजे आपल्या बाजारातली कुपा मासळी, छोट्या माशांना वर पिटाळते तेव्हा तो ते वरच्यावर उचलतो. म्हणजे सूटी टर्न उपाशी असेल तर एक शक्यता अशीही असते की लहान मासे आहेत, पण त्यांना वर आणणारा ट्यूना नाही. एका पक्ष्याच्या रिकाम्या पोटात तीन पातळ्यांवरची माहिती असते, आणि त्यातली नेमकी कोणती, हे केवळ पोट पाहून ठरत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती समजायला मला बरीच वर्षे लागली. पक्षी हे सरळ रेषेत चालणारे उपकरण नाही. जगातल्या सात सागरी परिसंस्थांमधल्या १४ पक्षिजातींच्या दीर्घ नोंदी एकत्र करून २०११ मध्ये असे दाखवले गेले की भक्ष्य माशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या सुमारे एक-तृतीयांशापर्यंत खाली येईपर्यंत पिलांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. त्याखाली गेला की मात्र ती झपाट्याने घसरते. याचे कारण साधे आहे. मासे कमी झाले की आईबाप अधिक लांब उडतात, अधिक वेळ बाहेर राहतात आणि स्वतःचे वजन घटवून पिलाला भरवतात. घरात टंचाई आली तरी मुलांच्या ताटात ती शेवटी दिसते, तसाच हा प्रकार. त्यामुळे "यंदा पिले ठीक आहेत, म्हणजे समुद्र ठीक आहे" असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पिले मोजण्यापेक्षा आईबापांची दमछाक मोजावी: फेरीला लागणारा वेळ, प्रौढ पक्ष्याचे वजन, चोचीतल्या माशाची लांबी.

माशांचा साठा एकदा या एक-तृतीयांशाच्या उंबरठ्याखाली गेला की काय होते, हे उत्तर प्रशांत महासागराने दाखवले. २०१४ ते २०१६ या काळात तिथे सरासरीपेक्षा बरेच गरम पाणी ठाण मांडून बसले होते. कॉमन मर हा काळा-पांढरा, बुडी मारून मासे पकडणारा पक्षी आहे आणि त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक मासे लागतात. गरम पाण्यात प्लवकांचा कस उतरला, मोठ्या शिकारी माशांची भूक वाढली, आणि या दोन्हींमध्ये सापडून लहान मासे कमी झाले. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर सुमारे ६२ हजार मेलेले किंवा मरणासन्न मर पक्षी मोजले गेले. त्यावरून एकूण मृत्यू पाच लाखांपासून बारा लाखांपर्यंत असावेत असा अंदाज बांधण्यात आला. पुढे वसाहतींची मोजणी वर्षानुवर्षे करत राहिल्यावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अलास्कापुरता आकडा सुमारे चाळीस लाख होता, म्हणजे तिथले निम्मे पक्षी. किनाऱ्यावर सापडलेले ६२ हजार आणि वसाहतीतून नाहीसे झालेले चाळीस लाख, यांतले अंतर लक्षात ठेवावे. तुम्ही किनाऱ्यावर चालणार आहात, तेव्हा तुमच्या हाती नेहमी पहिल्या प्रकारचा आकडा असेल.

देवमासे वेगळ्या काळाची आणि वेगळ्या अंतराची गोष्ट सांगतात. देवमासा एका वर्षाच्या टंचाईने मरत नाही. त्याच्या अंगावर चरबीचा साठा असतो आणि तो शेकडो किलोमीटर दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून तो बदल आधी स्थलांतरातून दाखवतो आणि संख्येतून फार उशिरा. उत्तर अटलांटिकमधला राइट व्हेल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २०१०च्या सुमारास अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखातातले पाणी तापले, त्याचे मुख्य खाद्य असलेले कॅलेनस हे तांदळाच्या दाण्याएवढे प्लवक तिथे घटले, आणि देवमासे उत्तरेला कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात जाऊ लागले. जहाजांचे वेगनियम आणि खेकड्यांच्या सापळ्यांवरचे निर्बंध मात्र जुन्या जागी होते. २०१७ मध्ये एकट्या कॅनडाच्या पाण्यात बारा राइट व्हेल मेले. ज्यांचे कारण ठरवता आले त्यांतले बरेच जहाजाची धडक आणि दोरांत अडकणे यांचे बळी होते. एकूण संख्या आज चारशेच्या आत आहे, त्यामुळे बारा हा आकडा लहान नाही. प्लवकांतला बदल त्यांच्या वाटेतून दिसला, हे खरे, पण त्याची किंमत त्यांनीच मोजली.

आपल्या अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांची स्थिती याहून नाजूक आहे. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात पिलांसाठी येतात. अरबी समुद्रातले मात्र कुठेही जात नाहीत. मोसमी वाऱ्यांमुळे त्यांना उष्ण पाण्यातच खायला मिळते. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळे आहेत आणि ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराच्या आत मोजली गेली आहे. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी इथे बेकायदा शिकार करून दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-खूण लावलेली एक मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि पुढे भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली, म्हणजे हा आपला शेजारी आहे. ज्या प्राण्याला जायला दुसरी जागा नाही, तो मोसमी वाऱ्यांतल्या बदलाचा सर्वांत थेट साक्षीदार असतो. पण शंभराच्या आतल्या प्राण्यांचा दोन वर्षांत, बोटीशिवाय अभ्यास करणे तुम्हालाही शक्य नाही आणि मलाही झालेले नाही.

निळ्या देवमाशाचे एक निरीक्षण कोल्हापूरकरांना जवळचे वाटेल. इतर समुद्रांतले निळे देवमासे क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव खातात. श्रीलंकेजवळच्या निळ्या देवमाशांच्या विष्ठेतला डीएनए तपासला, तेव्हा त्यांचे मुख्य खाद्य सर्जेस्टिड कुळातली कोळंबी निघाली. आपल्या बाजारात सुकट म्हणून मिळणारा जवळा याच कुळातला. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किलोवर घेतलेल्या सुकटीचे चुलतभाऊ खाऊन जगातला सर्वांत मोठा प्राणी जगतो, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात. २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले होते, आणि लक्षद्वीपात कवरत्तीजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांत त्यांची गाणी नोंदली गेली आहेत. ध्वनिग्राहकाला ढग, रात्र आणि मासेमारीबंदी यांचा अडथळा नसतो. एखाद्या संस्थेकडे अशा ध्वनिमुद्रणांचा साठा असेल आणि तो तपासायला द्यायची तिची तयारी असेल, तर देवमाशांचा विषय खुशाल घ्यावा. संगणकावरचे ते काम कोल्हापुरात बसून होते. अशी सोय नसेल तर माझा कल स्पष्टपणे पक्ष्यांकडे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण विषय कोणताही घेतला तरी काम तिथेच घडते किंवा बिघडते. तो मुद्दा म्हणजे शून्याची नोंद.

पहिली तीन वर्षे मी मोठ्या उत्साहाने वही भरली. कोणत्या दिवशी कोणता पक्षी, किती, कुठे. तिसऱ्या वर्षाअखेर "पावसाळ्यात सूटी टर्न वाढत आहेत" असा लेख लिहून पाठवला. परीक्षकाने एकच प्रश्न विचारून तो परत पाठवला: "किती दिवस गेलात आणि काहीच दिसले नाही?" माझ्या वहीत रिकाम्या दिवसांची नोंदच नव्हती. काही सापडले नाही की मी चहा पिऊन परतत होतो आणि पान कोरे सोडत होतो. तिसऱ्या वर्षी मी पहिल्या वर्षाच्या दुप्पट वेळा गेलो होतो, एवढे मला आठवत होते. पण आठवण म्हणजे नोंद नव्हे. पक्षी वाढले होते की माझ्या फेऱ्या, हे आजही सांगता येत नाही. ती तीन वर्षे वाया गेली.

हेच तत्त्व देवमाशांच्या बातम्यांना लावून पाहा. रेवदंड्याला २०१५ मध्ये देवमासा लागला, २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याजवळ जिवंत पिल्लू आले आणि लोकांनी जिवाचे रान करूनही ते वाचले नाही. अशा बातम्या पूर्वीपेक्षा वारंवार कानावर येतात, हे खरे. परंतु वीस वर्षांपूर्वी मालवणजवळच्या तोंडवळीच्या वाळूत सडणाऱ्या देवमाशाची खबर फार तर पंचक्रोशीत जाई. आज तासाभरात त्याची चित्रफीत आपल्या मोबाइलवर असते. देवमासे वाढले, त्यांचे मृत्यू वाढले, की आपले कॅमेरे वाढले, हे ठरवायला कोणीतरी मोबाइलच्या आधीही आणि नंतरही त्याच किनाऱ्यावर त्याच पद्धतीने चाललेले असावे लागते. तसे चाललेले लोक फार थोडे आहेत. तुमच्या दोन वर्षांची खरी किंमत तिथे आहे.

किनाऱ्यावरची एक फेरी कशी असते ते सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वीची जुलैतली सकाळ. आधीचे दोन दिवस वादळी वारा होता. तळाशीलपासून तोंडवळीच्या दिशेने मी नेहमीचे चार किलोमीटर चालत होतो. भरतीच्या रेघेवर सुरूच्या काड्या, थर्माकोल, एकाच पायाच्या चपला आणि जाळ्यांचे तुकडे यांचा पट्टा पडला होता, आणि त्यात एक मोठा, वरून तपकिरी आणि खालून पांढरा पक्षी बसलेला होता, भोवती चार कावळे अंतर राखून. गावातले एक आजोबा म्हणाले, "सर, बदक आसा, पण उडना नाय." तो मास्क्ड बूबी होता, खुल्या समुद्रातला. वनखात्याचे लोक आल्यावर त्यांच्यासमोर त्याला हाती घेतले. छातीचे हाड बोटांना सुरीच्या पात्यासारखे लागत होते आणि दोन्ही बाजूंचे स्नायू खोल गेले होते. असा पक्षी साधारण दीड किलोचा असतो. हा किलोभरही भरला नाही. स्नायूंची भर शून्य ते तीन अशा श्रेणीत लिहितात. मी शून्य लिहिले. पिसांवरून तो पहिल्या वर्षाचा होता. दुपारी तो गेला.

यातून समुद्राविषयी काय कळले? त्या एका पक्ष्यापुरते म्हणाल तर जवळपास काहीच नाही. पहिल्या वर्षाचे पक्षी दरवर्षी उपाशी मरतात, कारण त्यांना अजून शिकार जमत नसते. तो आधी उपाशी होता म्हणून वाऱ्यात टिकला नाही, की वाऱ्याने शिकार करू दिली नाही म्हणून उपाशी राहिला, हेही त्याच्याकडून कळत नाही. पण ज्या वर्षी प्रौढ पक्षी, खोल गेलेल्या स्नायूंसह, वारा फारसा नसतानाही येऊ लागतील, त्या वर्षी ती बातमी असेल. आणि ती ओळखायला आधीच्या साध्या वर्षांची वये, श्रेणी आणि वाऱ्याचा वेग वहीत असावा लागेल. शिवाय तो पक्षी कुठला, हाही प्रश्न असतो. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करून आपल्या समुद्रात येतो. तो अशक्त सापडला तर दोष अरबी समुद्राला द्यावा की दक्षिणेकडच्या बर्फाला? त्याच्या तुलनेत ओमान आणि सोकोत्राच्या बाजूला वीण करणारा पर्शियन शिअरवॉटर आपल्या समुद्राविषयी अधिक भरवशाने बोलतो.

बोटीवरून मोजणी करण्याची संधी मिळाली तर एका बाजूचा तीनशे मीटरचा पट्टा धरून दहा-दहा मिनिटांचे तुकडे लिहावेत, आणि प्रत्येक तुकड्याला लाटांची स्थिती, उन्हाची तिरीप आणि निरीक्षकाचे नाव जोडावे. ट्रॉलरच्या मागे फिरणारे पक्षी वेगळ्या रकान्यात घालावेत. ट्रॉलर नको असलेली मासळी परत फेकतो आणि कुरव त्यावर तुटून पडतात. ती गर्दी समुद्राची नसून जाळ्याची खबर असते. मच्छीमारांची होडी फुकट मिळते म्हणून त्यावरूनच मोजणी करणारे अनेक जण या खड्ड्यात पडतात.

नमुन्यांविषयी एक चूक सांगून ठेवतो, कारण ती पुन्हा कोणी करू नये. एका वर्षी परवानगीने तपासलेल्या मृत पक्ष्यांच्या पोटातला ऐवज मी सवयीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये ठेवला. पुढे भक्ष्याचा डीएनए तपासण्याची संधी आली तेव्हा त्या बाटल्या निरुपयोगी ठरल्या, कारण फॉर्मॅलिन डीएनए मोडून टाकते. अल्कोहोल वापरले असते तर काम झाले असते. माशांच्या कानातले खडे मात्र कोरडे ठेवावेत आणि माकुलाच्या (स्क्विडच्या) चोची अल्कोहोलमध्ये. त्यांवरून भक्ष्याची जात आणि लांबी दोन्ही काढता येतात.

परवानगी हा शब्द मी सहज वापरला, पण सुरुवात तिथूनच करावी. देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या देवमाशाचे हाड किंवा कातडीचा तुकडाही लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही. वनविभाग आणि कांदळवन कक्ष यांच्याकडे महाविद्यालयामार्फत अर्ज आजच करा. उत्तर यायला महिने लागतात. जाता जाता, "देवमाशाची उलटी" म्हणून कोणी मेणचट दगड तपासायला आणला तर हात लावू नका. माझ्याकडे असे दोघे येऊन गेले. अंबरग्रिस ही मुळात उलटी नव्हे. माकुलाच्या न पचलेल्या चोचींभोवती स्पर्म व्हेलच्या आतड्यात ते तयार होते. ते बाळगणे हा गुन्हा आहे, आणि पंचनाम्यात तज्ज्ञ म्हणून आपले नाव येण्यात काही शोभा नाही.

मग दोन वर्षांचा आराखडा काय असावा? पैसे, प्रकृती आणि मार्गदर्शकांची संमती यांवर तो बदलेल, पण मी असतो तर असे केले असते. पोहोचायला सोपे, प्रत्येकी तीन-चार किलोमीटरचे दोन किनारे निवडावेत आणि पुन्हा बदलू नयेत. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आणि उरलेले आठ महिने दर पंधरवड्याला एक फेरी धरली तर दोन वर्षांत एका किनाऱ्यामागे ६८-७० फेऱ्या होतात, आणि एवढ्यावर प्रबंध उभा राहतो. सापडलेल्या मृत पक्ष्याच्या पायाला, परवानगीत तशी तरतूद करून घेऊन, रंगीत दोरा बांधून तो तिथेच ठेवावा आणि पुढच्या फेरीला तो आहे का ते पाहावे. आमच्याकडे कुत्री, कावळे आणि कुर्ल्या इतक्या तत्पर असतात की आठवड्याने त्यातला जेमतेम एखादा जागेवर सापडतो. पण किती वेगाने पक्षी नाहीसे होतात हे कळल्याशिवाय किती आले असतील याचा अंदाज बांधता येत नाही. सोबत इन्कॉइसचे तापमान आणि वाऱ्याचे आकडे घ्यावेत. अशा रीतीने मार्गदर्शकांचे पाणी आणि तुमचे पक्षी एकाच तक्त्यात येतील, आणि मला वाटते त्यांची हरकत तिथेच संपेल.

मासळी बाजारातल्या आवकेवरून काही काढता येईल का, असे तुम्ही पुढे विचाराल म्हणून आधीच सांगतो: कोल्हापूरच्या बाजारात ते टाळा. पहाटे बर्फाच्या पेटीतून येणारा बांगडा रत्नागिरीचा, कर्नाटकचा की गुजरातचा, हे विकणाऱ्या मावशींनाही नेहमी ठाऊक नसते. त्याऐवजी किनाऱ्यावर बंदरानुसार मोजलेली माहिती वापरा. केरळात तारलीची आवक २०१२ मध्ये चार लाख टनांच्या जवळ होती आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत आली, हे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींवरून कळते. तारलीसारख्या माशावर किती तोंडे अवलंबून असतात ते पाहता, त्या वर्षांत आपल्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या छातीचे हाड कोणी तपासले असते तर फार बरे झाले असते. माझ्या वहीत त्यातली काही वर्षे आहेत. उपयोग होणार असेल तर ती तुम्हाला तपासायला देईन, कोरी पाने सोडलेली पहिली तीन वर्षे वगळून.

पहिली फेरी जूनच्या पहिल्या आठवड्यात करा आणि काही सापडले नाही तर तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, अंतर, वारा लिहून त्यापुढे ठळक शून्य काढा. पेन नेऊ नका, पावसात शाई पसरते. साधी पेन्सिल न्या, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.